अल्टूना, पेनसिल्व्हेनिया: मोठी नदी नाही, बंदर नाही, मग एवढं शहर इथे का वसलं?

मुक्ता_वि
नमस्कार मंडळी. आम्ही पिट्सबर्गला राहतो आणि मुलगा स्टेट कॉलेजला शिकतो, त्यामुळे जाता-येता अल्टूना लागतं. आय-99 महामार्गावरून दिसतं तेवढंच पाहिलं होतं. मागच्या वेळी मुद्दाम गावात शिरलो आणि चक्रावून गेलो. टेकडीवर एका मोठ्या राजधानीत शोभावं असं घुमटाचं कॅथेड्रल. खाली एक देखणं जुनं थिएटर. रुळांच्या कडेला विटांच्या इमारती, संपता संपत नाहीत. आणि रस्त्यात माणसं मात्र तुरळक. हे शहर आजच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या वस्तीसाठी बांधलंय, हे पाहताक्षणी कळतं.

माझे दोन प्रश्न आहेत. एक, ना मोठी नदी, ना खाण, ना बंदर, मग इथे एवढं शहर उभं राहिलं कशामुळे? "रेल्वेचं गाव" एवढं वाचलंय, पण रेल्वे तर हजार गावांतून जाते. दुसरा, ते ओसरलं कशामुळे?

सासरे पुढच्या महिन्यात येणार आहेत. ते लोकोशेडमध्ये फोरमन होते. वय 78, गुडघे दुखतात, पण इंजिन म्हटलं की डोळे चमकतात. त्यांना घेऊन अर्धा-एक दिवस जायचा विचार आहे, तेव्हा काय पाहावं तेही सांगा.

पश्चिमवारा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे ताई. हायवे झाले, ट्रक आले, विमानं आली. गाव वसवणारी रेल्वे कंपनी, पेनसिल्व्हेनिया रेलरोड, तोट्यात गेली. 1968 मध्ये न्यूयॉर्क सेंट्रल या दुसऱ्या रेल्वे कंपनीशी विलीन होऊन पेन सेंट्रल झाली आणि दोनच वर्षांत तिचं दिवाळं निघालं. कंपनी बुडाली, गाव बुडालं. त्या पट्ट्यातल्या बहुतेक गावांची हीच कथा आहे.

घाटमाथा
मुक्ताताई, सविस्तर लिहितो, कारण या गावावर माझा जीव आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअर, राहायला तासाभराच्या अंतरावर. सुट्टी मिळाली की गावाजवळच्या हॉर्सशू कर्व्हवर, म्हणजे डोंगरातल्या रुळांच्या मोठ्या वळणावर, जाऊन बसणं हा बरीच वर्षं चाललेला नेम.

रेल्वे हजार गावांतून जाते, बरोबर. पण अल्टूनातून रेल्वे "गेली" नाही. आधी रेल्वेला तिथे थांबणं भाग पडलं आणि त्या थांब्याचं गाव झालं. कारण एकच: डोंगर.

फिलाडेल्फियाकडून येणारा मार्ग ज्युनिएटा नदीच्या खोऱ्याने हळूहळू चढत येतो. एका इंजिनाला झेपेल अशी ती वाट आहे. मग समोर अ‍ॅलेगेनी डोंगराची भिंत. अल्टूनापासून गॅलिट्झिनच्या बोगद्यापर्यंत सुमारे बारा मैलांत हजार फूट चढायचं. खोऱ्यातून आरामात आलेली गाडी त्याच इंजिनावर वर जाऊच शकत नाही. म्हणजे पायथ्याशी गाडी थांबवा, इंजिन बदला, नाहीतर जास्तीची जोडा. जास्तीची इंजिनं ठेवायची तर शेड हवी, कोळसा हवा, पाणी हवं. शेड आली की फिटर आले, बॉयलरवाले आले, लोहार आले. त्यांना घरं हवीत, दुकानं हवीत, चर्च हवं. 1849 मध्ये कंपनीने पायथ्याची जमीन घेतली आणि गावाची आखणी केली. त्याआधी तिथे शेतं आणि रान होतं.

डोंगर ओलांडायची आधीची सोय काय होती हे कळलं की कंपनीची निकड लक्षात येते. 1834 पासून हॉलिडेजबर्ग ते जॉन्सटाउन या 36 मैलांवर राज्य सरकारची पोर्टेज रेलरोड होती. कालव्यातून आलेला माल, पुढे पुढे तर बोटीसुद्धा, गाड्यांवर चढवायच्या आणि एकूण दहा उतरणींवरून वर ओढायच्या नि खाली सोडायच्या. प्रत्येक उतरणीच्या माथ्यावर एका जागी बसवलेलं वाफेचं इंजिन दोर ओढायचं. अंबाडीचे दोर तुटायचे आणि माणसं जखमी व्हायची. पुढे जॉन रोबलिंगने तिथे तारेचा दोर आणला. हाच तो ब्रुकलिन ब्रिजचा रोबलिंग. 1852 मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पिट्सबर्गपर्यंत जाऊ लागली, तरी डोंगराचा टप्पा या दोरांच्याच भरवशावर होता.

हा प्रश्न सोडवला एडगर थॉमसन या चीफ इंजिनिअरने. डोंगर सरळ चढता येत नाही, तर वाट लांबवायची. किटॅनिंग पॉइंटला दोन ओढ्यांच्या घळी मातीने भरून काढल्या, मधलं डोंगराचं नाक कापलं आणि दरीच्या डोक्याशी रूळ घोड्याच्या नालेसारखे वळवले. हाच हॉर्सशू कर्व्ह. लांबी सुमारे 2,375 फूट. वळणाचं पश्चिमेचं टोक पूर्वेच्या टोकापेक्षा 122 फूट उंच आहे. हे सगळं पहार, फावडं, सुरुंगाची दारू, घोडे आणि मुख्यतः आयर्लंडहून आलेले मजूर यांच्या बळावर. 15 फेब्रुवारी 1854 ला ते सुरू झालं आणि आजही मुख्य मार्ग तोच आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी आखलेलं वळण आजच्या मालगाड्यांचं वजन पेलतंय. त्याहून चांगली वाट अजून कुणाला सापडलेली नाही.

कर्व्ह झाल्यावर गाव झपाट्याने वाढलं. 1870 ला दहा हजारांवर वस्ती, 1900 ला सुमारे 39 हजार. दुरुस्तीसाठी सुरू झालेले कारखाने 1866 पासून स्वतः इंजिनं बांधायला लागले. मशीन शॉप, डब्यांचं शॉप, ज्युनिएटा भागातली शॉप्स, दक्षिणेला फाउंड्री. तुम्ही पाहिलेल्या विटांच्या इमारती म्हणजे त्यातलं उरलेलं. 1946 पर्यंत इथे 6,873 इंजिनं बांधली गेली. बहुतेक रेल्वे कंपन्या बाहेरून इंजिनं विकत घ्यायच्या. पेनसिल्व्हेनिया रेलरोड आपली इंजिनं इथेच आखायची, इथेच ओतायची, इथेच जोडायची.

तुमच्या घुमटाचं उत्तर यातच आहे. 1930 च्या जनगणनेत अल्टूनाची लोकसंख्या 82,054 होती. कॅथेड्रलचं काम 1920 च्या दशकात, ऐन भरात सुरू झालं. मग मंदी आली, काम थांबलं आणि आतली सजावट पुरी व्हायला 1960 उजाडलं. म्हणजे पाया भरला तेव्हा गाव वाढत होतं आणि काम संपलं तेव्हा ओसरायला लागून तीस वर्षं झाली होती.

आता पश्चिमवारा यांचा मुद्दा. "कंपनी बुडाली म्हणून गाव बुडालं" हे मला अजिबात पटत नाही, आणि आकडे माझ्या बाजूने आहेत. 1930: 82,054. 1950: 77,177. 1960: 69,407. 1970: 63,115. पेन सेंट्रलचं दिवाळं जून 1970 चं. तोवर गावातून जवळजवळ 19 हजार माणसं कमी झाली होती. 2020 चा आकडा 43,963, म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांत साधारण तेवढीच आणखी. निम्मी घट दिवाळखोरीच्या आधीची आहे! काही लोक शेजारच्या टाउनशिपमध्ये राहायला गेले असं धरलं, तरी ट्रकांवर आणि विलीनीकरणावर एवढं सगळं घालता येत नाही.

खरं कारण कारखान्याच्या आत होतं: डिझेल. वाफेच्या इंजिनाला माणसं लागतात, आणि किती लागतात हे तुमच्या सासऱ्यांना विचारा. बॉयलर ठरावीक दिवसांनी थंड करून धुवायचा. नळ्या बदलायच्या. फायरबॉक्सचे, म्हणजे आगीच्या पेटीचे, पत्रे धरून ठेवणारे शेकडो स्टेबोल्ट एकेक ठोकून पाहायचे, तुटलेला बोल्ट आवाजावरून ओळखायचा. राख काढायची, वाळू भरायची, बेअरिंग ओतायची. डिझेल इंजिन इलिनॉयच्या फॅक्टरीतून तयार येतं. बिघडलेला भाग काढला, नवा बसवला, गाडी निघाली. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने 1957 ला वाफ कायमची बंद केली. बॉयलरवाला, लोहार, साचे करणारा, यांच्या हातचं काम कंपनी जोरात चालू असतानाच संपलं. वडिलांमागून मुलगा शॉपमध्ये शिकाऊ लागायचा, ती रांग तिथे तुटली.

आणि गाव बुडालं म्हणता, तर रेल्वे आहेच की. पेन सेंट्रलनंतर 1976 ला कॉनरेल ही कंपनी आली आणि 1999 पासून नॉरफोक सदर्न ही कंपनी आहे. ज्युनिएटाचं शॉप चालू आहे, तिथे जुनी डिझेल इंजिनं उलगडून नव्यासारखी केली जातात. डोंगर तोच असल्यामुळे बँकर, म्हणजे चढावर गाडीला जास्तीची जोडायची, इंजिनंही अजून लागतात. तिकडे त्यांना हेल्पर म्हणतात. कर्व्हवर उभं राहून कोळशाची गाडी चढताना पाहा. पुढची इंजिनं आपल्यासमोरून वळून पलीकडच्या उतारावर दिसेनाशी होतात, तरी शेपूट अजून या बाजूला झाडांमागून निघतच असतं. चाकांच्या कडा रुळाला घासून किंचाळत असतात. वाघिणींची माळ संपत आली असं वाटतं, तेव्हा पायाखालची जमीन थरथरते आणि मागून ढकलणारी जोडी पुरा जोर लावून जाते. उतरणारी गाडी असली तर ब्रेकचा जळका वास आधी येतो.

दीपशिखा
घाटमाथा, छान लिहिलंत. पण अल्टूनाने जगाला दिलेली एक गोष्ट राहिली आणि मी रसायनशास्त्राची असल्यामुळे ती मला सगळ्यात मोठी वाटते: तिथली प्रयोगशाळा.

1875 मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोडने चार्ल्स डडली नावाच्या रसायनतज्ज्ञाला अल्टूनात नोकरी दिली. यादवी युद्धात जखमी झालेला हा तरुण आदल्याच वर्षी येलमधून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला होता. रेल्वे कंपनीला रसायनतज्ज्ञ कशाला, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असणार. पण ही कंपनी रूळ, तेल, रंग, साबण, सगळं डोंगराएवढं विकत घ्यायची आणि विकणारा जे देईल ते चांगलं की वाईट हे कळायला मार्गच नव्हता. दिव्याचं तेल निकृष्ट निघालं की सिग्नल विझतो, वंगण निकृष्ट निघालं की बेअरिंग तापून आग लागते.

डडलीने काय केलं? वापरून झिजलेले रूळ गोळा केले. कुठल्या वळणावर, कुठल्या चढावर, किती वाहतुकीखाली होते ते टिपलं, तुकडे कापून त्यांचं पृथक्करण केलं. 1878 मध्ये त्याने मांडलं की कठीण पोलादापेक्षा थोडं मऊ पोलाद जास्त टिकतं, म्हणून रुळाच्या पोलादात काय किती असावं हे घेणाऱ्याने ठरवून द्यावं. पोलादवाले खवळले. आमच्या भट्टीत काय घालायचं हे गिऱ्हाइकाने सांगायचं? हा वाद वर्षानुवर्षं चालला. डडलीचं म्हणणं असं की भांडून उपयोग नाही. घेणारा आणि देणारा एका टेबलाशी बसले पाहिजेत आणि दोघांना मान्य होईल अशी चाचणीची पद्धत लिहून काढली पाहिजे. 1898 मध्ये त्यातूनच चाचणीची मानकं ठरवणारी ती संस्था सुरू झाली, जिला आपण एएसटीएम म्हणून ओळखतो. 1902 पासून 1909 मध्ये मरेपर्यंत डडली तिचा अध्यक्ष होता.

कुठल्याही प्रयोगशाळेत सिमेंट, पोलाद, पेट्रोल तपासताना एएसटीएमचा क्रमांक लिहिला जातो. माझ्या रोजच्या अहवालावरही असतो. त्याचं मूळ या डोंगराच्या पायथ्याशी आहे, याचा मला फार अभिमान वाटतो, जणू आपलंच कुणी असावं.

पश्चिमवारा
घाटमाथा, जनगणनेचे आकडे मी असे मांडून कधी पाहिले नव्हते. 1930 लाच शिखर गाठलं होतं हे विशेष आहे. पण मग हिटलरने माणसं पाठवली ती याच कर्व्हसाठी ना? म्हणजे 1942 मध्येही त्याचं महत्त्व कमी झालेलं नव्हतं.

घाटमाथा
महत्त्व कमी झालंच नव्हतं. युद्धात तर मार्ग ओसंडून वाहत होता. जून 1942 मध्ये जर्मन पाणबुड्यांनी आठ जणांना उतरवलं, चार लाँग आयलंडवर आणि चार फ्लॉरिडात. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांबरोबर हॉर्सशू कर्व्हही त्यांच्या यादीत होता. त्यांच्यातलाच एक, डाश, स्वतःहून एफबीआयकडे गेला, म्हणून सगळे पकडले गेले. सहा जणांना 8 ऑगस्टला मृत्युदंड झाला. स्फोट एकही झाला नाही.

त्याआधीचंही एक सांगतो. रेल्वे स्टेशनाला लागून कंपनीचं लोगन हाउस हॉटेल होतं. डोंगर चढण्याआधी गाड्या थांबायच्या आणि प्रवासी तिथे जेवायचे. 24 सप्टेंबर 1862 ला यादवी युद्धात युनियनच्या बाजूने असलेल्या राज्यांचे गव्हर्नर तिथे जमले. पेनसिल्व्हेनियाचे अँड्र्यू कर्टिन यांचा त्यात पुढाकार होता. दोनच दिवस आधी लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला होता आणि या गव्हर्नरांनी त्याला पाठिंबा दिला. सगळीकडून येणाऱ्यांना सोयीचं पडेल असं ठिकाण म्हणून त्यांनी अल्टूना निवडलं. गाव वसून तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झाली होती! लोगन हाउस 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला पाडलं. त्या जागी आता पोस्ट ऑफिस आहे, जाऊन नुसतं उभं राहिलात तरी चालेल.

मुक्ता_वि
दादा, दीपशिखाताई, काय सुंदर माहिती दिलीत! सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवलं. स्टेबोल्ट ठोकून आवाजावरून ओळखायचा, या वाक्याला त्यांनी मला थांबवलं आणि पुढची वीस मिनिटं तेच बोलत होते. आता त्यांना कर्व्हपेक्षा कारखान्याचीच ओढ जास्त आहे. आत जाता येतं का? आणि कर्व्हवर किती चढावं लागतं?

घाटमाथा
ज्युनिएटाच्या चालू शॉपमध्ये बाहेरच्यांना सोडत नाहीत. पण रेलरोडर्स मेमोरियल म्युझियम आहे, तेही खुद्द 1882 च्या मास्टर मेकॅनिक्स बिल्डिंगमध्ये, म्हणजे कारखान्याच्याच एका इमारतीत. नाव नीट पाहा, संग्रहालय "रेलरोड"चं नाही, "रेलरोडर्स"चं आहे. तिथे मालकांपेक्षा कामगार जास्त दिसतात. सासऱ्यांना तिथे निवांत वेळ द्या.

तिथे इंजिनांच्या चाचणी केंद्राबद्दल जरूर विचारा. 1904 च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात कंपनीने ते मांडलं आणि नंतर उचलून अल्टूनाला आणलं. अख्खं इंजिन रोलरांवर उभं करायचं, आग पेटवायची, वाफ सोडायची. चाकं भन्नाट फिरतात, पण इंजिन जागच्या जागी. रोलरांना ब्रेक लावून भार वाढवायचा आणि मागच्या यंत्राने ओढ मोजायची. किती कोळसा जळला, किती पाणी लागलं, सगळं बंद खोलीत मोजून घ्यायचं. आज गाडीचं इंजिन डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, तपासतात तसंच, पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आणि दीडशे टनांच्या धुडावर. के-4 या जातीचं इंजिन असंच तावूनसुलाखून निघालं. अशी 425 झाली, त्यातली 350 अल्टूनाची.

त्यातलं 1361 क्रमांकाचं 1918 मध्ये इथेच बांधलं. 1957 पासून ते कर्व्हवरच्या बागेत उभं होतं. 1985 ला खाली आणून दुरुस्त केलं. 1987 ला ते पुन्हा धावलं आणि त्याच वर्षी राज्याने त्याला अधिकृत वाफेचं इंजिन ठरवलं. पुढच्याच वर्षी ते थांबलं आणि नंतरची दुरुस्ती फार लांबली. सध्या काम कुठवर आलंय आणि पाहायला मिळेल का, ते म्युझियमला फोन करून विचारा. आता बागेत त्याच्या जागी 7048 हे डिझेल उभं आहे. काही लोकांना ते खटकतं, मला नाही खटकत. डिझेलनेही डोंगर चढलाय.

कर्व्हवर रूळ वाहनतळाच्या बरेच वर आहेत. पायऱ्या भरपूर, गुडघ्यांना त्रास होईल. फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने वर ओढली जाणारी छोटी गाडी आहे, तिने अलगद वर जाता येतं, पण चालू आहे ना हे निघण्याआधी पक्कं करा. हिवाळ्यात जागा बंद असते. वर बाकं आहेत. गाड्यांचं वेळापत्रक पाहू नका, मालगाड्यांना ते नसतंच. डबा घेऊन जा आणि दोन-तीन तास हाताशी ठेवा.

थिएटर म्हणजे मिशलर. 1906 ला उघडलं, त्याच वर्षी जळालं आणि काही महिन्यांत पुन्हा बांधलं. अजून नाटकं होतात, दिवस जुळला तर तिकीट काढा.

निळीशाई
मी या शरद ऋतूत फिलाडेल्फियाहून अ‍ॅमट्रॅकच्या पेनसिल्व्हेनियन या प्रवासी गाडीने पिट्सबर्गला जाणार आहे. कर्व्ह दिसायला कुठल्या बाजूला बसू?

घाटमाथा
पश्चिमेकडे जाताना डावीकडे, दरी त्या बाजूला येते. डबा मागचा घ्या, म्हणजे वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन समोर दिसेल. अल्टूना सुटलं की फोन ठेवून द्या, थोड्याच वेळात कर्व्ह येतो. परतीला उजवीकडे बसा.